घाट चढून आलेली मराठी

गोव्यातून हुबळीला येताना कॅसलरॉक स्टेशनवर आमची ट्रंक उघडली गेली. तेव्हा गोवा पोर्तुगिजांचा आणि घाटावरचा मुलूख इंग्रजांचा, म्हणजे मी खरोखरच परदेशी चालले होते. जकातीच्या शिपायाने फणसाच्या साठांच्या डब्यापासून माझ्या परकरांपर्यंत सगळ्यांत सळई खुपसून पाहिली. त्यात आगळाची बाटली फुटली आणि माझ्याकडच्या दोन मराठी पुस्तकांवर कोकमाचा लाल ओघळ पसरला. मला न्यायला आलेले भावोजी म्हणाले, "टाकून दे ती, डब्यात वास सुटेल." मी पुस्तकं उघडून खिडकीत वाऱ्याला धरली आणि अळणावर स्टेशन येईपर्यंत हात खाली घेतले नाहीत.

मी तेव्हा चौदा वर्षांची होते. थोरली बहीण हुबळीला दिलेली, भावोजींचं तिथल्या बाजारात नारळ-सुपारीचं दुकान. बाळंतपणानंतर तिची प्रकृती सुधारेना, म्हणून मला वर्षभर तिच्या मदतीला पाठवलं होतं. वर्ष झालं की परत यायचं आणि लग्नाला उभं राहायचं, असं निघतानाच ठरलं होतं. ठरवताना मला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारावं असं मलाही तेव्हा वाटलं नव्हतं.

आमच्या घरी बोलणं कोंकणीत, वाचणं मराठीत. आई दुपारी पोथी वाचायची तेव्हा तिचा आवाजच बदलायचा. त्यामुळे मराठी ही अंगावर धूतवस्त्र चढवून बोलायची भाषा, असं माझ्या मनात बसलं होतं. गावातल्या पोर्तुगीज शाळेत मी पहिली परीक्षा पास झाले होते आणि पोर्तुगालच्या नद्या मला ओळीने पाठ होत्या. हुबळीत आल्यावर कळलं, की इथे पाण्याला काय म्हणतात तेही मला येत नाही.

दुकानाच्या मागे आमच्या दोन खोल्या. शेजारी एक प्रौढ बाई खानावळ चालवायच्या. सगळी गल्ली त्यांना अव्वा म्हणायची, कानडीत आई. बहिणीला पथ्याची पातळ आमटी त्यांच्याकडून यायची आणि ती आणायला मी जायची. पहिल्याच दिवशी मी त्यांच्या चुलीपाशी पाटावर बसले होते. त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "ऊट आतेन?"

मी ताडकन उठून उभी राहिले.

त्यांनी वर पाहिलं, हाताने बसायची खूण केली आणि पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा उभी. मला वाटलं, पाट हवा असेल. दुसऱ्या बाजूला कांदा चिरत बसलेल्या बाईला मराठी येत होतं. ती हसत हसत म्हणाली, "अगं, जेवलीस का म्हणून विचारतात त्या. ऊट म्हणजे जेवण. ऊठ नाही." अव्वांना हे कळल्यावर त्यांनी तव्यावरची ज्वारीची भाकरी माझ्यापुढे ठेवली, वर झुणका घातला आणि एकेक वस्तू दाखवून नावं सांगायला लागल्या. रोट्टी. नीरु, म्हणजे पाणी. उप्पु, म्हणजे मीठ. मी जे बरोबर म्हणे त्यावर मान हलवायच्या, चुकले की पुन्हा म्हणून घ्यायच्या. तेव्हापासून रोज आमटी आणायला गेले की मी तिथे जरा जास्तच रेंगाळायला लागले. बहीण चिडायची, पण सहा महिन्यांत मी बाजारात कानडीत भाव करायला लागले तेव्हा तीच शेजारणींना कौतुकाने सांगायची. बहिणीला मीही गल्लीसारखं कानडीत अक्का म्हणायला लागले होते.

वर्ष संपत आलं तेव्हा मी भावोजींना म्हटलं, "मला शाळेत घाला."

ते सुपाऱ्या निवडत होते. "कसली शाळा? तुला जायचंय आता गावाला."

"मी जात नाही. अक्का अजून बरी नाही, आणि शाळा दुपारी सुटते. सकाळचं सगळं करून जाईन."

भावोजी वाईट नव्हते. मुलीने शिकण्याला त्यांचा विरोध होता असंही नाही, त्यांना ते निरर्थक वाटायचं इतकंच, पावसात सुपारी वाळत घालण्यासारखं. पण अक्का पलंगावरून म्हणाली, "जाऊ दे तिला. मी गेले असते तर निदान औषधाच्या बाटलीवरचं तरी वाचता आलं असतं मला." भावोजींनी गावाला कळवलं, की अक्का बरी होईपर्यंत ही इथेच राहील.

मुलींच्या शाळेतल्या मुख्य बाईंनी माझी परीक्षा घेतली. मराठी उत्तम, गणित बरं, इंग्रजी शून्य. मला नऊ-दहा वर्षांच्या मुलींबरोबर बसवलं. माझे गुडघे बाकाखाली मावत नसत. छोट्या मुली मला "मावशी" म्हणत, आणि वर्गात बाई नसल्या की मला शुद्धलेखन तपासायला सांगत. लाज वाटायची. पण मी मनाशी एक पक्कं केलं होतं, की लाज वाटली तरी बाकावर बसून राहायचं. दर सुट्टीत पुढच्या वर्गाची पुस्तकं वाचून मी वरच्या वर्गाची परीक्षा द्यायची. असं करत करत मॅट्रिकला पोचले तेव्हा माझं वय बरोबरीच्या मुलींहून थोडंच जास्त होतं.

मॅट्रिकचा निकाल लागला आणि वडील मला न्यायला आले. स्थळ बघून ठेवलं होतं. मुलगा फोंड्याकडचा, घरी कुळागर, म्हणजे माडा-पोफळींची बाग, माणसं चांगली. वडील अंगणातल्या खाटेवर बसले, मी समोर उभी. आमचं बोलणं कोंकणीतच झालं, इथे मराठीत लिहिते आहे.

"सामान बांध," ते म्हणाले. "उद्याच्या गाडीने निघू."

"मी कॉलेजात जाणार आहे, बाबा. धारवाडला."

"कॉलेजात जाऊन काय होशील?"

"शिकवीन. आणि लिहीन."

"लिहिणार काय?"

"कविता लिहिते मी."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "आपल्या घरात कविता वाचणारं कुणी नाही. लिहिणाऱ्याचं कसं होणार?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखर काळजी वाटत होती. मी एवढंच म्हटलं, की मी येत नाही.

"मग पुन्हा मी न्यायला येणार नाही."

"चालेल."

ते दुसऱ्या दिवशी एकटेच गेले. अक्का स्टेशनपर्यंत गेली, मी गेले नाही. मी गेले असते तर त्यांच्याबरोबर गाडीत बसले असते, हे मला माहीत होतं.

धारवाडचं कॉलेज टेकडीवर. हुबळीहून सकाळच्या पॅसेंजरने मी रोज जाऊन येऊन करायची. उणकल, अमरगोळ, नवलूर ही स्टेशनं करत गाडी निवांत जायची. नवलूरला पेरूच्या पाट्या घेऊन बायका चढायच्या, आणि बायकांच्या डब्यात कानडी, मराठी, उर्दू, कधी कधी कोंकणीही एकाच वाक्यात ऐकू यायची. माझी अभ्यासाची जागा तीच. स्टेशनवरून कॉलेजपर्यंत चढ होता, तो आम्ही चार-पाच मुली मिळून चढायचो.

मराठीचे प्राध्यापक पुण्याकडून आलेले होते. काळा कोट, पगडी, शिस्तीचे आणि मनाने सरळ. दुसऱ्या वर्षी धीर करून मी माझ्या काही कविता त्यांना दाखवल्या. आठवड्याने त्यांनी मला बोलावलं. कागदांवर जागोजाग पेन्सिलीच्या रेघा होत्या.

"कविता चांगल्या आहेत," ते म्हणाले. "पण त्या मराठीत नाहीत."

मला कळेना.

"हे पाहा. हा शब्द कोंकणी. ही क्रियापदाची रचना कानडी. इथे लिंग चुकलं आहे. भाषा घरासारखी असते, तिथे कुणीही कुठूनही शिरून चालत नाही. आधी मराठी शिका, मग लिहा."

मी मान खाली घालून ऐकलं आणि घरी येऊन सगळ्या कविता पुन्हा लिहिल्या. पुढची काही वर्षं मी चुकूनही एक शब्द वावगा लिहिला नाही. बी. ए. झाले, मुंबईला जाऊन एम. ए.ची परीक्षा दिली, हुबळीच्या मुलींच्या शाळेत शिकवायला लागले. कविता पुण्याच्या मासिकांत यायला लागल्या. एक छोटा संग्रहही निघाला. एका परीक्षणात लिहिलं होतं, "कवयित्री दूर कर्नाटकात राहत असूनही भाषा निर्दोष आहे." ते कात्रण मी भावोजींना दाखवलं. त्यांनी ते दुकानात देवाच्या तसबिरीखाली चिकटवलं.

मग धारवाडला एका सभेत मला कविता वाचायला बोलावलं. आमच्या गावच्या व्हाळावरची कविता होती. व्हाळ म्हणजे पावसाळ्यात घराशेजारून धावणारा ओढा. मी कवितेत "निर्झर" लिहिलं होतं. वाचता वाचता त्या शब्दापाशी आले आणि मला ते पाणी दिसेना. पुढच्या ओळी मी तोंडाने म्हणत होते, टाळ्याही मिळाल्या, पण घरी येताना गाडीत मला एकच गोष्ट डाचत होती. निर्दोष होण्यासाठी मी माझा व्हाळ टाकून दिला होता, आणि तो टाकताना मला काही वाटलंही नव्हतं. प्राध्यापकांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. त्यांनी मला व्याकरण दिलं आणि त्यावर माझी रोजी चालली. पण मला जे सांगायचं होतं ते त्या कवितांत येईना. तेव्हापासून मी कविता लिहिणं थांबवलं आणि कादंबरी हातात घेतली.

कादंबरी गोव्यातून घाट चढून हुबळीत येऊन राहिलेल्या तीन बायकांची होती. त्या घरात एक बोलतात, बाजारात दुसरं, देवापुढे तिसरं. त्या जशा बोलतात तशाच बोलतील, हे मी पहिल्या पानापासून धरून चालले. शाळेचं काम आटोपून, अक्काच्या घरचं निस्तरून, पहाटे उठून लिहायची. दोन वर्षं लागली. त्या काळात दोनदा स्थळं आली. दुसऱ्या वेळी अक्काच म्हणाली, "सांग त्यांना, हिचं लग्न पुस्तकाशी लागलंय." मग आम्ही दोघी इतक्या हसलो की आलेल्या पाहुण्यांना तो अपमान वाटला.

पुण्याच्या प्रकाशकांना हस्तलिखित पाठवलं. त्यांचं उत्तर सभ्य होतं. कथा त्यांना आवडली होती. संवाद तेवढे प्रमाण मराठीत करून द्यावेत, नाहीतर वाचकाला अडखळायला होईल, असं म्हणणं. मी ते काम करायला बसलेही. पहिलं प्रकरण केलं. मग माझ्या लक्षात आलं, की त्या तिघी बायका आता एकच बाई झाल्या आहेत, आणि ती पुण्याची आहे. मी कागद फाडले आणि प्रकाशकांना कळवलं, की असं जमणार नाही.

तेव्हा महायुद्ध चालू होतं. कागद मिळत नव्हता. हुबळीत एक छापखाना होता, तिथे कानडी काम जास्त आणि मराठी म्हणजे लग्नपत्रिका, जाहिराती, सत्यनारायणाची पोथी. छापखान्याचे मालक मूळचे मिरजेकडचे, वयस्क, सुपारी कातरत बोलणारे. त्यांनी हस्तलिखित वजन करावं तसं हातात तोललं.

"बाई, कादंबरी आम्ही कधी छापली नाही. पण छापू. कागद पिवळा मिळेल, तो चालवून घ्या."

"घेते."

काम सुरू झालं आणि पहिल्याच फर्म्याला, म्हणजे एकदम छापायच्या पहिल्या आठ पानांना, अडलं. मालकांनी मला निरोप पाठवला. मी गेले तर अक्षरांचे खिळे जुळवणारा जुळारी हात बांधून बसलेला आणि मालक खिळ्यांच्या खणांत बोट फिरवत होते.

"तुमच्या पुस्तकात 'ळ' फार आहे," ते म्हणाले. "हुबळी आहे, अमरगोळ आहे, नारळ, केळं, सकाळ, व्हाळ. आमच्याकडे 'ळ'चे खिळे इतके नाहीत. लग्नपत्रिकेत लागतात किती? युद्धामुळे मुंबईहून नवे यायचे नाहीत."

"मग?"

"पुढे 'ल' घालू काय? वाचणारे समजून घेतात."

"हुबली?" मी म्हटलं. "हुबली आणि नारल? नाही. त्यापेक्षा छापू नका."

"रागावू नका. मी मार्ग विचारतो आहे."

"दुसरा मार्ग असेलच."

मालकांनी थोडा वेळ सुपारी कातरली. "आहे, पण वेळखाऊ आहे. आठ पानं एकदम न जुळवता दोन-दोन पानं जुळवायची, छापायची, सोडवायची, आणि तेच 'ळ' पुढच्या पानांना वापरायचे. दिवाळीला पुस्तक हवं असेल तर विसरा."

"दिवाळी दर वर्षी येते," मी म्हटलं.

तसंच झालं. शाळा सुटली की मी छापखान्यात जायची, ओली प्रुफं तिथेच उभ्याने तपासायची आणि पानं सुटली की पुढचा मजकूर द्यायची. शाई, रॉकेल आणि शेजारच्या मिरचीच्या वखारीचा वास यांनी डोकं उठायचं. मधे यंत्राचा पट्टा तुटला, मधे कागद संपला आणि महिनाभर काम बंद पडलं. अव्वांनी मला त्या काळात घरी स्वयंपाक करू दिला नाही. "छापून होऊ दे, मग कर," म्हणायच्या. पुस्तक बांधून हातात आलं तेव्हा दुसरा उन्हाळा होता. कागद पिवळा, काही पानांवर शाई फिकी. पण एकही "ळ" कमी नव्हता.

पुस्तकाला वाहवा मिळाली असं नाही. एका मासिकाने "खिचडी" म्हटलं. दुसऱ्याने दखलच घेतली नाही. पण बेळगावहून, कारवारहून, सोलापूरहून पत्रं यायला लागली, बहुतेक बायकांची. घरात आपण असंच बोलतो, पण ते छापतात हे माहीत नव्हतं, असं एकीने लिहिलं होतं.

त्याच वर्षी धारवाडच्या कॉलेजात मराठीची एक जागा निघाली. मी अर्ज केला. मुलाखतीला गेले तर समितीत तेच पुण्याचे प्राध्यापक, आता केस पांढरे झालेले. त्यांच्यापुढे टेबलावर माझी कादंबरी होती. ती त्यांनी वाचलेली दिसत होती, कारण तीत कागदाच्या खुणा घातलेल्या होत्या.

आधी दुसऱ्या एका सभासदाने विचारलं, "बाई, वर्गात मोठे मोठे मुलगे असतात. ते तुमचं ऐकतील?"

"सुरुवातीला नाही ऐकणार," मी म्हटलं. "पुढे ऐकतील."

मग प्राध्यापकांनी पुस्तकावर हात ठेवला. "ही भाषा तुम्ही वर्गात शिकवणार का?"

"नाही सर. जे पुस्तक लावलं असेल ते शिकवीन, तुम्ही शिकवलं तसं. पण एखाद्या मुलाच्या तोंडी घरचा शब्द आला तर त्याला वर्गात हसू देणार नाही."

"आणि उत्तरपत्रिकेत आला तर?"

"खाली रेघ मारीन. शेजारी प्रमाण शब्द लिहीन. त्याचा शब्द खोडणार नाही."

त्यांनी पुस्तकातलं एक खुणेचं पान उघडलं. "मी तुमचे खोडले होते," ते म्हणाले.

"तुम्ही रेघा मारल्या होत्या. खोडले मी."

त्यांनी पुस्तक मिटलं. नेमणूक एका वर्षापुरती मिळाली.

पहिल्या तासाला मी वर्गात पाऊल टाकलं आणि बाकांखाली पाय घासायला सुरुवात झाली. फळीवर बुटांचा नुसता गडगडाट. मी फळ्यावर धड्याचं नाव लिहिलं, वळले आणि धारवाडी कानडीत म्हटलं, "पाय दुखले की सांगा. मग सुरू करू." बाई मराठीच्या आणि कानडी अशी बाजारातली, हे त्यांना अपेक्षित नव्हतं. अर्धा वर्ग हसला आणि तो गडगडाट विरला. गोष्ट तिथेच संपली असं मात्र नाही. मागच्या बाकावरची मंडळी ते सत्र संपेपर्यंत पाय घाशीत होती, आणि मी ते सत्र संपेपर्यंत रोज वेळेवर वर्गात जात होते. पुढच्या सत्रात त्यांनी सोडून दिलं. वर्षाअखेरीस मला कायम केल्याचं पत्र आलं, त्यावर सही त्या प्राध्यापकांची होती. निवृत्त होऊन पुण्याला जाताना त्यांनी मला त्यांचा शब्दकोश दिला. समासात त्यांच्याच अक्षरात कोंकणी आणि कानडी शब्द टिपलेले होते, माझ्या पुस्तकातले.

वडील दिलेल्या शब्दाप्रमाणे मला न्यायला पुन्हा कधी आले नाहीत. मी मात्र दर मे महिन्यात गावी जायला लागले होते. शेवटच्या आजारपणात त्यांनी कादंबरी उशाशी ठेवली होती. वाचली का, असं मी विचारलं. म्हणाले, "अर्धी झाली. त्या मधल्या बाईचं पुढे काय होतं ते सांगू नकोस." पुस्तक वाचून पुरं होण्याआधी ते गेले.

नोकरी कायम झाल्यावर मी धारवाडात घर शोधायला लागले. एकट्या बाईला घर द्यायला कुणी तयार होईना. तिथल्या मालमड्डी भागात एका वकिलांच्या घराच्या मागच्या बाजूला दोन खोल्या रिकाम्या होत्या. वकीलसाहेब भले गृहस्थ, पण अवघडले.

"घरात पुरुषमाणूस कोण असणार?"

"कुणी नाही. मी असेन आणि पुस्तकं असतील."

"लोक विचारतील."

"विचारू द्या. मी कॉलेजात शिकवते असं सांगा. ते खरं आहे."

त्यांच्या पत्नी दारामागून ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या आणि कानडीत नवऱ्याला म्हणाल्या, "देऊन टाका. निदान बोलायला कुणीतरी येईल." मला कानडी येतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी कानडीतच "येईन" म्हटलं, तेव्हा त्या लाजल्या आणि किल्ली आणायला आत गेल्या.

सामान लावायला अक्का हुबळीहून आली. तिने चूल मांडली, खिडकीखाली टेबल ओढलं आणि ते हलतं म्हणून पायाखाली खापराचा तुकडा बसवला. दुपारच्या गाडीने ती परत गेली. मी दार लोटून घेतलं, ताजा कागद काढला आणि दुसऱ्या कादंबरीचं पहिलं वाक्य लिहिलं. ते नीट बसलं नाही. खोडून पुन्हा लिहिलं, आणि अंधार पडायच्या आत पहिलं पान पुरं केलं.